तिसऱ्या खिडकीवरचे अठ्ठेचाळीस सेकंद

‘तार जोडायची बाळा, कान जोडायचा नाही.’

आईचं हे वाक्य तिने ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती आणि टेलिफोनच्या कचेरीत एका उंच स्टुलापाशी जमिनीवर बसली होती. समोर बारा बायका ओळीने बसलेल्या, बाराजणींच्या कानांवर काळी यंत्रं, हातांत दोऱ्या. एक दोरी इकडून उपसायची, तिकडे खुपसायची, की दोन घरं एकमेकांशी बोलायला लागत. तिने विचारलं होतं, ‘ती माणसं काय बोलतात गं?’ त्यावरचं हे उत्तर.

गावातली निम्मी लग्नं आणि निम्मी भांडणं आईच्या बोटांमधून गेली असतील. पण घरी आल्यावर एक अक्षर नाही. शेजारणी खोदून खोदून विचारायच्या आणि आई आपली भांडी विसळत गुणगुणायची:

दोघांच्या मनातलं गुज तारेतून जाई
मधे बसलेली मी बाई, काही ऐकलंच नाही

आई गेली, ती कचेरीही गेली. मुलगी मोठी झाली आणि एका मोठ्या दवाखान्याच्या संगणक विभागात लागली. दुसऱ्या मजल्यावर, क्ष-किरणांच्या खोल्यांमागे, चार टेबलांची जागा. चारजणांना सगळंच करावं लागे: संगणकांचं जाळं सांभाळायचं, कुणाची छपाई अडकली तर कागद उपसायचा, विसरलेले परवलीचे शब्द नव्याने द्यायचे. पण एक काम फक्त तिचं होतं. दवाखान्यात कुणी कुठल्याही रुग्णाची फाईल पडद्यावर उघडली की त्याची ओळ आपोआप एका यादीत पडे: कुणी उघडली, कुठल्या यंत्रावरून, किती वाजता, किती सेकंद. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ही यादी वाचायला बसे. तांदूळ निवडावे तशी ओळीमागून ओळ बोटाने पुढे सारायची आणि खडा दिसला की बाजूला काढायचा. डोळ्यांच्या विभागातल्या माणसाला बाळंतिणीच्या फाईलमध्ये काय काम? लगेच त्याच्या टेबलावर चिठ्ठी जाई. त्याने कारण लिहून द्यायचं. कारण पटलं तर ठीक, नाहीतर प्रकरण दवाखान्याच्या वकीलबाईंकडे.

सगळे तिला पहारेकरीण म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडेही. नव्या माणसांच्या शिकवणीत ती फळ्यावर एकच वाक्य लिही: माणूस विसरतो, यादी विसरत नाही.

तर असं हे तिचं सोवळं. आणि ते मोडलं एका मंगळवारी, पावणेबाराच्या सुमारास, भर गर्दीत.

त्याच्या आठवडाभर आधी तिला तिचा धाकटा भाऊ दवाखान्याच्या लांब बोळात दिसला होता. घरात त्याला बारक्या म्हणत; आता सहा फुटांचा झाला तरी बारक्याच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. उंच इमारतींच्या पोकळीत दोरखंडाला लटकून काम करायचं, खाली पाहिलं तर माणसं साबुदाण्याएवढी. तो मेंदूविकाराच्या दाराबाहेर उभा होता.

‘काय रे, इथे कुठे?’

‘कामावरचा एकजण आहे आत. त्याला बघायला आलो.’

‘कोण?’

‘तू नाही ओळखत. ताई, तू बारीक झालीस गं. पहारा जरा कमी कर.’ हसला, आणि बाही खाली ओढली. पण तोवर मनगटावरची पांढरी पट्टी तिने पाहिली होती. ती पट्टी फक्त रुग्णाला बांधतात.

आठ दिवस ती पट्टी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. विचारावं, तर तो हसून उडवून लावणार. लहानपणी गुडघा फुटला तरी पँट खाली ओढून ‘काही नाही’ म्हणणारं ते पोर.

मंगळवारी नावनोंदणीच्या तिसऱ्या खिडकीवरून फोन आला. चिकटपट्ट्या छापणारं यंत्र अडकलं होतं. त्या खिडकीवर एक पोक्त कारकून बसे. दर दोन वाक्यांत ‘सावकाश, सावकाश’ म्हणायची त्याला सवय, म्हणून सारा दवाखाना त्याला सावकाशराव म्हणे. चौपन्नाचं वय, एका बोटाने टंकन, आणि रांगेतल्या माणसाला हसवल्याशिवाय पुढे न सोडण्याचा नेम.

‘या बाई, या. यंत्राला अपचन झालंय. सकाळपासून नुसतं चावतंय, गिळत काही नाही.’

ती त्याच्या खुर्चीत बसली. तो उठला. ‘मी तोवर पाणी पिऊन येतो.’

‘पडदा बंद करून जा की. नियम आहे.’

‘तुम्ही बसलात म्हणजे कुलूपच लागलं की हो!’ असं म्हणून तो गेलासुद्धा.

कागदाचा बोळा दोन मिनिटांत निघाला. यंत्र सुरळीत चालू लागलं. उठायचं, एवढंच राहिलं होतं. पण समोर पडदा उघडा होता, आणि पडद्यावर नाव लिहायची रिकामी चौकट, आत उभी रेघ लुकलुकणारी. तिने बारक्याचं नाव लिहिलं. बोटांनी लिहिलं म्हणावं तर बोटं तिचीच होती. फाईल उघडली. अचानक शुद्ध हरपणे, दोन वेळा. अपस्माराची शक्यता. पुढील तपासणी सांगितली आहे. उंचीवर काम करू नये. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली आणि फाईल मिटली.

सावकाशराव ओल्या मिशा पुशीत आला. ‘झालं? वा! तुमच्या हाताला गुण आहे.’

यादीत ओळ पडली होती. पण ती पडली होती त्याच्या नावावर.

हे तिला तिथेच कळलं का? कळलं. तिने स्वतःला समजावलं की सावकाशरावाच्या खिडकीवर दिवसाला दोनशे फाइली उघडतात. त्यात ही एक कुठे दिसायची? आणि ती दिसली तर पाहणार कोण? तीच. खडा निवडणारी तीच आणि सुपात खडा टाकणारीही तीच. पुढच्या सोमवारी यादी वाचताना तिचं बोट त्या ओळीवर आलं आणि तांदळावरून सरकावं तसं पुढे सरकलं.

पण तिथे थांबती तर तीही पहारेकरीण कसली. माहिती पोटात घेऊन बसणं आईला जमलं होतं, तिला जमेना. एका गुरुवारी दुपारी बारक्या कामावर असताना ती भावजयीकडे गेली. दारात उभ्या उभ्याच म्हणाली, ‘त्याला उंचावर चढू देऊ नकोस.’

भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा हातातच राहिला. ‘का? काय झालं?’

‘चक्कर येते त्याला. शुद्ध जाते. दोनदा झालंय.’

‘तुम्हाला कोणी सांगितलं? ते बोलले?’

‘कोणी का सांगेना. माझं नाव मात्र घेऊ नकोस. शपथ आहे माझी.’

नणंदेची शपथ भावजयीने पाळली. इतकी पाळली की तिचा संसार पेचात आला. तिने त्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, ‘शुद्ध हरपते आणि घरात सांगत नाही?’ त्याने विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं?’ तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याने पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग विचारणंच सोडलं. एका छताखाली दोन माणसं, आणि मधे एक तिसरं नाव, जे एकाला ठाऊक नाही आणि दुसरी सांगत नाही.

महिना उलटून दहा दिवस झाले. घरात उत्तर मिळेना, तेव्हा गोष्ट फाईलमधूनच फुटली असणार असं धरून बारक्याने कायद्याने दिलेला हक्क वापरला. दवाखान्याला लेखी विचारलं: माझी फाईल कुणीकुणी उघडली, त्याची यादी द्या. तसा अर्ज आला की सात दिवसांत चौकशी. चौकशी करणारी अर्थात तीच. तिचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं. अर्जदार तिचा कोण, हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. नात्यातल्या माणसाचं प्रकरण असेल तर आधी तसं लिहून देऊन बाजूला व्हावं, हा नियम होता. तो तिनेच लिहिलेला होता.

त्याच संध्याकाळी बारक्याचा फोन आला.

‘ताई, तुमच्याकडे एक अर्ज टाकलाय मी. तुझ्या टेबलावर आला असेल.’

‘आला.’

‘तू माझी बहीण आहेस हे मी कुठे लिहिलं नाही, बोललोही नाही. उगाच तुला अडचण नको.’

‘बरं.’

‘आणि फाईलमध्ये काय आहे ते आत्ता विचारू नकोस. वेळ आली की माझं मी सांगेन.’

‘बरं.’

‘खरं सांगू? आजार निघाला तेव्हा मुद्दाम तुझ्याच दवाखान्यात आलो. म्हटलं, तिथे ताई आहे, तिथून गोष्ट बाहेर जायची नाही.’

तिसऱ्यांदाही ती ‘बरं’ म्हणाली.

नंतर भावजयीचा. ‘मी नाव घेतलेलं नाही हो, ताई. पण किती दिवस? ते समोरासमोर जेवायलाही बसत नाहीत.’ ती म्हणाली, थोडे दिवस थांब. कशासाठी थांब, हे तिलाही सांगता आलं नसतं.

यादीत सात ओळी होत्या. डॉक्टरांच्या तीन, प्रयोगशाळेच्या दोन, परिचारिकेची एक. सगळ्यांची कारणं चोख. सातवी ओळ: नावनोंदणी, खिडकी तीन, अकरा बेचाळीस, अठ्ठेचाळीस सेकंद. त्या वेळी त्या नावाचा कुणी रुग्ण रांगेत नव्हता. खिडकीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाई. ते पुसलं गेलं होतं. दुरुस्तीच्या वहीत मात्र तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मंगळवार, खिडकी तीन, कागद अडकला, अकरा अडतीस ते अकरा पन्नास. ती वही चौकशीत कुणी मागत नसे. तिने ती खणात ठेवली आणि खण लोटला. पान फाडलं नाही. तेवढी ती अजून बिघडली नव्हती, किंवा तेवढं धैर्य नव्हतं, यातलं काहीही म्हणा.

चिठ्ठी घेऊन ती स्वतः तिसऱ्या खिडकीवर गेली.

सावकाशरावाने चष्मा वर-खाली करून ती वाचली. ‘हा कोण गृहस्थ?’

‘तुमच्या नावावरून फाईल उघडली गेलीय. कारण लिहून द्यायचं.’

‘मी उघडली?’

‘यादीत तसं आहे.’

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. रांगेतला माणूस खोकला तेव्हा त्याला म्हणाला, ‘सावकाश, सावकाश,’ पण त्यात नेहमीची गंमत नव्हती. मग तिच्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, ‘बाई, एक विचारू? माणसाच्या हातून झोपेत चालल्यासारखं काही होऊ शकतं का? म्हणजे करायचं आणि आठवायचंच नाही?’

‘का बरं?’

‘परवा मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. बायको म्हणते, डोळे तरी ताजे राहतील.’ तो हसला, आणि अर्ध्यावर थांबला. ‘आमच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा चष्मा. मग घरचा रस्ता. शेवटी आम्ही.’

‘चष्मा काय, कुणीही विसरतं.’

‘ते खरं. पण यादी विसरत नाही ना? तुम्हीच शिकवलंत.’

आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. रांगेत सोळा माणसं होती. तिने सोळा मोजली आणि ती वर निघून आली.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली. बारीक, वळणदार अक्षर: ‘मला आठवत नाही. परंतु यादीत माझं नाव आहे, त्याअर्थी मीच उघडली असणार. वाईट हेतू नव्हता. जी शिक्षा होईल ती मान्य आहे.’

बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने खोट्या सबबी पुष्कळ वाचल्या होत्या. न केलेल्या गुन्ह्याची खरी कबुली पहिल्यांदाच वाचली.

चौकशीचा भाग म्हणून त्याच्या नावाशी जोडलेल्या सगळ्या ओळी तिला काढाव्या लागल्या. तो जिथे कारकून म्हणून होता त्या, आणि जिथे रुग्ण म्हणून होता त्याही. रुग्ण म्हणून एकच ओळ होती, कालची: मेंदूविकार विभाग, स्मृतीची तपासणी, नवीन नोंद. बाकी सगळं त्या ओळीच्या आत मिटलेलं होतं. ते तिने उघडलं नाही. उघडायची गरजही नव्हती. एक धडधाकट माणूस आपलं डोकं तपासून घ्यायला रांगेत उभा राहिला होता, कारण तिच्या फळ्यावरच्या वाक्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

सुनावणी गुरुवारी सकाळी दहाला ठेवली. पहिल्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पाण्याचा जग, एका पायाने डुगडुगणारी खुर्ची. त्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मधे वकीलबाई: दवाखान्याच्या कायद्याचं काम पाहणाऱ्या, पिकल्या केसांच्या, एक शब्द कमी बोलतील पण जास्त नाही. एका बाजूला सावकाशराव, इस्त्रीच्या सदऱ्यात. समोर बारक्या. टेबलाच्या टोकाला ती, अहवाल घेऊन. बारक्याने तिच्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाकडे पाहून हलवावी तशी मान हलवली. तिच्यासाठी चाललेलं नाटक होतं ते, आणि तो ते मन लावून करत होता.

तिने अहवाल वाचला. सात ओळी, सहा कारणं.

‘सातवी तुम्हाला मान्य आहे?’ वकीलबाईंनी विचारलं.

‘मान्य आहे,’ सावकाशराव म्हणाला.

‘मान्य केल्यावर काय होतं ते समजावून सांगते. नोकरी जाते. शिवाय ज्यांनी गोपनीयता मोडली त्यांच्या नोंदीत नाव जातं, आणि दुसरा कुठलाही दवाखाना तुम्हाला घेणार नाही. अजून विचार करायचा आहे?’

‘नाही. विचार करून काही आठवत नाही बाई, तोच तर घोळ आहे.’

बारक्या पुढे झुकला. ‘मला यांना एक विचारायचं आहे.’

‘विचारा.’

‘तुम्ही माझ्या बायकोला कुठे भेटलात?’

सावकाशराव गडबडला. ‘तुमच्या? छे हो. मी तुम्हालाही आजच बघतोय.’

‘मग तिला कळलं कसं? फोन केलात? कुणाला सांगितलंत?’

‘मी... तेही आठवत नाही हो.’ त्याने कपाळावरून हात फिरवला. ‘सांगितलं असेन का मी? कुणाला सांगितलं असेन?’

बारक्याचा आवाज चढला नाही, पण पातळ झाला. ‘हे बघा काका, मला तुमची नोकरी नकोय. मला पहिल्यांदा चक्कर आली त्याच आठवड्यात मी साहेबांना सांगून वर्कशॉपात बदली मागून घेतली. दोरावर मी तेव्हापासून चढलेलो नाही. तपासणीचा निकाल त्या शुक्रवारी यायचा होता. शुक्रवारी मी तिला समोर बसवून सांगणार होतो. घाबरू नकोस, असं असं आहे, असं असं करू. बोलायचं काय ते मी मनात घोकून ठेवलं होतं. ते माझ्या तोंडून ऐकायचा तिचा हक्क होता. कुणीतरी गुरुवारीच तिला सांगून गेलं. आता ती म्हणते तुम्ही लपवलंत, मी म्हणतो तू लपवतेस. एवढंच सांगा, कुणाला बोललात? म्हणजे मी घरी जाऊन तिची क्षमा तरी मागतो.’

सावकाशराव टेबलाकडे बघत होता. ओठ हलत होते. कुठल्या तरी मंगळवाराचा, कुठल्या तरी माणसाचा चेहरा तो शोधत होता, आणि नाही सापडला तर आता तो एखादा रचूनही देईल, असं तिला स्पष्ट दिसलं.

‘त्यांना विचारू नका,’ ती म्हणाली.

वकीलबाईंनी वर पाहिलं. ‘का?’

‘त्यांना काही ठाऊक नाही. सावकाशराव, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात. तुमच्या खुर्चीत मी बसले होते.’

सावकाशरावाने चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

‘फाईल मी उघडली. शेवटची ओळ दोनदा वाचली. हे तक्रारदार माझे सख्खे भाऊ आहेत. ते मी पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं, दिलं नाही.’ मग ती वकीलबाईंकडून भावाकडे वळली. तिचा आवाज अहवाल वाचतानाचाच होता, फक्त हळू. ‘बारक्या, तुझ्या बायकोला मी सांगितलं. नाव न घेण्याची शपथही मीच घातली. तिने ती पाळली, तिच्यावर रागावू नकोस.’

‘ताई, मला विचारायचं होतंस,’ तो म्हणाला. नाटक त्याच्या चेहऱ्यावरून अजून पुरतं उतरलं नव्हतं.

‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास,’ ती म्हणाली, ‘आणि नाही म्हणायचा तुला हक्क होता, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच नाही विचारलं.’